पिठाची मर्यादा आणि धंद्याची नजर



"घरबसल्या काही करता येईल का हो?" असे मला वर्षातून दहा जणी तरी विचारतात. मी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद कॉलेजातून बी.कॉम. केले, त्यालाही आता चाळीस वर्षे होऊन गेली. नोकरी केली नाही, दुकान चालवले नाही. तरी "काकू कॉमर्सच्या आहेत" म्हणून विचारतात. आज त्या सगळ्यांना एकदम उत्तर लिहिते आहे, म्हणून थोडे लांबेल.

आपल्या फोनवर सारखी एक यादी फिरत असते. घरबसल्या करायचे 50 व्यवसाय. मेणबत्त्या, अगरबत्ती, पापड-लोणची, कापडी पिशव्या. यादीत खोटे काही नसते. अडचण एवढीच की ती तुम्हाला आली तशी गल्लीतल्या आणखी चौघींनाही आलेली असते. 23 जून 2018 पासून आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी अमलात आली, ते आठवते ना? त्या पावसाळ्यात आमच्या येरमाळ्यात ज्या घरी शिलाई मशीन होते, त्या घरी पिशव्या शिवल्या जात होत्या. सुरुवातीला 20 रुपयांना गेलेली पिशवी गणपतीपर्यंत 8 रुपयांवर आली. त्यात कापडही सुटेना. बातमी खरी होती, गरजही खरी होती. पण बातमी सगळ्यांना एकाच दिवशी कळते. त्यामुळे नुसत्या बातमीवर धंदा काढला की शंभर जणी एका दारात उभ्या राहतात.

अडचण मात्र ज्याची त्यालाच ठाऊक असते. आपल्या घरातली, आपल्या चुलीची, आपल्या नियम-व्रतांची. म्हणून मी म्हणते, आधी कुरकूर ऐका. बायका मंदिराच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत ज्याबद्दल कुरकुरतात ते ऐका. तीच कुरकूर तीन वेगवेगळ्या घरांतून ऐकू आली की वहीत लिहून ठेवा. बातमी नंतर पाहा.

आपल्याच भागातले एक मोठे उदाहरण सांगते. आमच्या येरमाळ्याला रेल्वे नाही, जवळचे स्टेशन येडशी. पण ज्या लाइनवर येडशी आहे, तिचा जन्मच एका कुरकुरीतून झाला. मुंबईहून सोलापूरकडे गेलेली मोठी रेल्वे बार्शीला बाजूला टाकून गेली होती. स्टेशनाला नाव दिले 'बार्शी रोड', म्हणजे आजचे कुर्डुवाडी, आणि गाव तिथून वीस मैलांवर! बार्शीची कापसाची पेठ मोठी, आणि माल स्टेशनापर्यंत जायचा बैलगाडीने. रेल्वेत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हे पाहिले. मोठी लाइन परवडणार नाही, तर लहान टाकू, असा त्याने विचार केला. अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली. पंढरीच्या वारकऱ्यांचीही तीच अडचण होती, म्हणून 1906 मध्ये ती पंढरपूरला गेली. इकडे येडशी-तडवळ्यावरून 1911 मध्ये लातूरला पोचली. आमच्या सासूबाई तिला 'बार्शीची छोटी गाडी' म्हणायच्या. (हाच कॅलथ्रॉप पुढे पॅराशूट तयार करण्याच्या मागे लागला, कारण त्याचा मित्र चार्ल्स रोल्स 1910 मध्ये विमान अपघातात गेला. रोल्स-रॉइस मोटारीतला रोल्स तो हाच. काही माणसांना अडचण दिसली की झोपच येत नाही.)

याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेऊन आपल्या समाजातल्या एका मुलाने धंद्यात पाय ठेवला. तो म्हणजे वालचंद हिराचंद, 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेले. घरचा व्यवहार कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेची कामे ठाऊक असलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी भागी केली. एकाकडे भांडवल, दुसऱ्याकडे कामाची माहिती. पुढचे तुम्हाला ठाऊक असेल. 1919 मध्ये रेल्वेच्या डब्यात शेजारच्या प्रवाशाकडून कळले की 'लॉयल्टी' नावाचे जहाज विकायला निघाले आहे. त्यातून सिंदिया कंपनी उभी राहिली, आणि 5 एप्रिल 1919 ला ते जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले. तो दिवस आपल्याकडे अजून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. 1939 मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात विल्यम पॉली नावाचा विमानांच्या व्यवसायातला माणूस भेटला, आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी निघाली.

आता कुणी म्हणेल, काकू, आम्ही काय जहाज घेणार आहोत? नाही. त्यांच्यामागे घरचे भांडवल होते हेही विसरू नये. भाषणात ते कुणी सांगत नाही. शिवाय जहाज घेतले म्हणजे पैसा आला असेही झाले नाही. इंग्रजी कंपन्यांनी दर पाडून जेरीस आणले, आणि 1923 मध्ये करार करून सिंदियाला किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरते थांबावे लागले. मला त्यातले एवढेच घ्यावेसे वाटते की हा माणूस शेजारच्याचे बोलणे कान देऊन ऐकत असे. डब्यात त्या दिवशी आणखी प्रवासी असतीलच की.

आता आमच्या घरातले सांगते. माझ्या पुतण्याचे येरमाळ्यात स्टेशनरी आणि भेटवस्तूंचे दुकान आहे. येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा रस्ता चौपदरी झाला आणि बाहेरगावच्या गाड्या सुसाट जायला लागल्या. त्यात मुलांच्या वह्या-पेनांपासून सगळे फोनवर मागवतात. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेचे चार-पाच दिवस सोडले तर गल्ला मोजायला वेळ लागत नाही. घरात दोन मुले, थोरला दहावीला. पुण्याला जाऊन कुठेतरी नोकरी धरावी अशी बोलणी सुरू झाली होती. दिरांचे वय झालेले, जाऊबाईंना गुडघ्यामुळे उठवत नाही. म्हणजे घर मोडण्याचीच गोष्ट.

2024 मध्ये बातमी आली की कुंथलगिरीच्या खव्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले. आपले सिद्धक्षेत्र, जिथे 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, त्याचे नाव खव्यामुळे पेपरात. आनंद झालाच. माझी पुतणसून दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आली. "काकू, हायवेला कुंथलगिरी पेढ्याचे दुकान टाकते. पाटल्या मोडते." पाटल्या तिच्या माहेरच्या, चार तोळ्यांच्या.

मी तिला नको म्हटले नाही. तिला बसवले आणि कागद घेतला. हा खवा मुळात का होतो बघ, म्हटले. भूम-वाशीकडे बालाघाटाच्या डोंगरात जनावरे भरपूर, पण मोठे शहर जवळ नाही. दूध नेईपर्यंत नासणार. चार-पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा. वजन कमी, टिकते जास्त, पेठेपर्यंत जाते. म्हणजे ज्यांची दुधाची अडचण होती त्यांनी ती आपल्या भट्टीवर सोडवली. त्यांचा धंदा त्यांच्या अडचणीतून आलेला आहे. तुझ्याकडे म्हैस आहे का? भट्टी आहे का? नाही. मग तू त्यांचा माल आणून विकणार, तोही नासका माल, आणि रस्त्यावर गाड्या थांबत नाहीत म्हणून तर तुझ्या नवऱ्याचे दुकान बसले. दोन दिवसांत न खपलेल्या पेढ्याचे काय करशील? ती गप्प बसली. मग म्हणाली, "बातमी तर आपल्या गावाजवळचीच होती."

बातमी जवळची असून भागत नाही, अडचण जवळची लागते. ते तिला पटायला महिना गेला. त्या महिन्यात मी तिला एकच काम दिले. वहीत कुरकूर लिही.

त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा काय आले असेल? पीठ!

आपल्याकडे पिठाची मर्यादा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात 3. त्यापुढचे पीठ आपण वापरत नाही. पूर्वी घरात जाते होते, सून होती, वेळ होता. आता बार्शीत आपल्या कितीतरी मुली शिक्षिका आहेत, बँकेत आहेत. धान्य निवडायचे, ऊन द्यायचे, गिरणीत न्यायचे. तिथे आपल्या आधी कुणाचे काय दळले गेले ठाऊक नाही, म्हणून पहिले किलोभर बाजूला काढायचे. आणि हे पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा! बऱ्याच जणींनी मर्यादा सोडून दिली होती, आणि सोडली म्हणून मनात खंत. काहींनी घरघंटी घेतली होती, पण फ्लॅटमध्ये तिचा आवाज आणि उडणारे पीठ, म्हणून ती गॅलरीत कापड घालून ठेवलेली.

हे झाले आपल्या बायकांचे. पण वहीत दुसऱ्या पानावर आपल्या समाजाबाहेरच्या बायकांची कुरकूर होती, ती वाचून मी ताठ बसले. "पाकिटातल्या ज्वारीच्या पिठाला विरी नसते." मैत्रिणींनो, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारा ग्लुटेन नसतो. ताज्या पिठाची जी काय पकड असते तिलाच आपण विरी म्हणतो. पीठ जुने झाले की ती जाते. मग कितीही उकळते पाणी घाला, भाकरी थापताना काठ चिरतात आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून पेपरात, टीव्हीवर ज्वारी-बाजरीचे गुणगान चालू आहे. डॉक्टर साखरवाल्यांना भाकरी खा सांगतात. दुकानात ज्वारीच्या पिठाची चकचकीत पाकिटे आली. मुदत तीन-चार महिने! मुदत आहे, विरी नाही.

म्हणजे बघा, आपल्याला जे पीठ धर्माच्या मर्यादेमुळे ताजे हवे, तेच पीठ बाकीच्यांना भाकरीसाठी ताजे हवे. आपली घरे थोडी, त्यांची पुष्कळ. बातमीने गिऱ्हाईक तयार करून ठेवले होते, आणि अडचण आमच्या वहीत होती. पाटल्या मोडायच्या नाहीत असे त्याच दिवशी ठरले.

पुढचा हिशोब सांगते, कारण लेख वाचून कुणी उद्याच घरघंटी घेऊन बसेल. आम्ही 21,000 रुपयांची एक हॉर्सपॉवरची घरघंटी घेतली. तासाला आठ किलोच्या आसपास दळते. ज्वारी शेतकऱ्याच्या घरून 42 रुपये किलोने. 100 किलो घेतली की खडे, कणी, भुसा, दळणातली घट जाऊन 95 किलो पीठ हाती येते, म्हणजे किलोला 44 रुपये तिथेच झाले. निवडायला शेजारच्या दोघी येतात, त्यांचे किलोमागे 4. वीज आणि जाळीची झीज 2. कागदी पिशवी 3. एकूण 53 ते 54. विकतो 65 ला. राहतात 11-12 रुपये. यात तिची स्वतःची मजुरी धरलेली नाही, आणि घरगुती धंद्यात आपण ती कधीच धरत नाही ही मोठी खोट आहे. मी तिला दर महिन्याला वेगळ्या रकान्यात लिहायला लावते.

वाहतुकीचा खर्च मात्र नाही. पुतण्या दुकानाचा माल आणायला सोमवारी आणि गुरुवारी बार्शीला जातोच, जाताना गाडी रिकामी असते. ती रिकामी गाडी इतकी वर्षे आमच्या डोळ्यासमोरून जात होती. मंदिराजवळच्या एका घरी पिशव्या ठेवतो, बायका येऊन नेतात. त्या घराला त्यांचे पीठ फुकट.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, आधी मागणी, मग दळण. रविवारी संध्याकाळपर्यंत फोनवर सांगायचे, सोमवारी सूर्योदयानंतर दळण सुरू, दोनला गाडी निघते. पिशवीवर दळल्याची तारीख. शिल्लक काही ठेवायचीच नाही. मर्यादेमुळे ठेवताच येत नाही! जपानच्या टोयोटा कंपनीने लागेल तेव्हाच लागेल तेवढेच करायचे, साठा ठेवायचा नाही, अशी पद्धत आणली आणि जगभर ती शिकवतात. आपल्या आजीला ती पिठापुरती ठाऊक होती.

पावसाळ्यात एक गोची झाली. सोमवारचे पीठ बुधवारपर्यंत, गुरुवारचे शनिवारपर्यंत. रविवार मध्ये लोंबकळतो. तिसरी फेरी परवडत नाही. बार्शीच्या बायकांनीच तोडगा काढला, रविवारी खिचडी.

चौक्यासाठी हे पीठ नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगितले. मुनिमहाराजांच्या आहारासाठी ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या हाताने दळावे. त्यामुळे चातुर्मासातली थोडी विक्री गेली असेल, पण ते बरोबरच केले.

सरकारी कामाची फार भीती बाळगू नका. अन्न सुरक्षेची साधी नोंदणी 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला पुरते. आम्ही केली तेव्हा वर्षाला 100 रुपये लागले. 14 आकडी नंबर मिळतो, तो पिशवीवर छापायचा, सोबत वजन, किंमत, तारीख. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर 5 टक्के जीएसटी आहे, पण त्याची नोंदणी मालाच्या धंद्याला 40 लाखांच्या वर लागते. तिथे पोचलो की रडू, सध्या हसू या. ज्वारी मात्र वर्षाची एकदम भरत नाही. साठवली की कीड, आणि किडीच्या गोळ्या आपण ठेवत नाही. महिन्याची महिन्याला घेतो. दिवाळीच्या सुमाराला भाव चढतात तेव्हा ते जड जाते. आपल्या नियमाची ती किंमत आहे, ती हिशोबात धरायची, कुणाला बोलून दाखवायची नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. धंद्याची नजर आली की सगळीकडे धंदा दिसू लागतो, आणि तिथेच जपावे लागते. आमच्या रस्त्यावर पुढे तेरखेडा आहे, फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. एका नातलगाने सुचवले, दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल टाका, पंधरा दिवसांत वर्षाचे निघेल. निघेलही. तिथे काम करणाऱ्यांच्या पोटाबद्दल मी बोलत नाही. पण आपल्या घरातून ते होणार नाही, एवढ्यावर तो विषय संपला.

तो सोपा प्रश्न होता. अवघड प्रश्न वेगळे असतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते आणि मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, ते आठवा. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. आली कुठून ती गाडी? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, लातूर. त्या छोट्या गाडीचीच वाट, आता मोठी झालेली. त्याच उन्हाळ्यात आमच्या भागात ज्यांच्या बोअरला पाणी होते त्यांतल्या काहींनी टँकरचा दर आठवड्याला वाढवला, आणि काहींनी डिझेलपुरते पैसे घेतले. दोघांनीही अडचण ओळखली होती. दोघांनीही पाणीच दिले. पण एकाच्या मनात पाऊस लवकर यावा असे होते, आणि दुसऱ्याच्या मनात तो जरा लांबावा असे. मी तेव्हापासून कुठल्याही धंद्याला हाच प्रश्न विचारते. ही अडचण उद्या संपली तर मला बरे वाटेल का?

या जूनमध्ये गावातल्या गिरणीची मोटार जळाली आणि आठ दिवस दळण बंद. सगळ्या गल्लीचे डबे पुतणसुनेच्या ओट्यावर. एकाने तिला सल्ला दिला, दर दुप्पट कर, आठच दिवस आहेत. ती माझ्याकडे आली नाही, तिनेच ठरवले. गिरणीचा जो दर तोच. बार्शीचे दिवस सोडून बाकीचे पाच दिवस तिने गावाचे दळले. गहू-ज्वारीच तेवढी, बेसन-मिरची नाही. गिरणीवाल्यांना वाईट वाटू नये म्हणून नवव्या दिवशी डबे परत पाठवून दिले, "आता तिकडे चालू झाली, तिकडेच न्या." मला ते कळले तेव्हा मी जाऊबाईंना म्हटले, तुमच्या सुनेला बी.कॉम.ची गरज नाही.

आज 38 घरे पीठ घेतात. त्यातली 15 आपली, 23 इतरांची. त्यात दोन साखरेचे पेशंट तर असे आहेत की गुरुवारी गाडीला उशीर झाला की फोन येतो. आठवड्याला 130 किलोच्या जवळपास जाते, महिन्याला सहा-सव्वासहा हजार उरतात. घरघंटीचे पैसे आठव्या महिन्यात निघाले. सहा हजारांत घर चालत नाही हे मलाही कळते. पण थोरल्याच्या क्लासची फी त्यातून गेली, आणि पुण्याची बोलणी सध्या थांबली आहेत. सध्या, असेच म्हणते.

आता खरी अडचण पुढे आहे. सूर्योदयापासून दोनपर्यंत ही मशीन 60-65 किलोच दळू शकते. त्यापुढे मागणी घेता येत नाही. "काकू, पहाटे चारला सुरू केले तर आणखी 15 किलो होईल," असे पुतण्या म्हणाला, तर तिनेच मान हलवली. अंधारात दळायचे नाही. मग मोठी मशीन घ्यायची, तर वेगळे वीज कनेक्शन धरून 90,000 च्या घरात जाते. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळते. अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के अनुदान आहे, त्याचे कागद जमवतो आहोत. पाटल्या कपाटात आहेत. तिची नजर अधूनमधून तिकडे जाते, माझी तिच्यावर असते. आमचे हे म्हणतात, मोठी मशीन घेतली की मागणीच्या मागे धावावे लागेल, आणि मग मर्यादा पाळणे जड जाईल. तिचे म्हणणे, 23 घरे मर्यादेसाठी घेतच नाहीत, त्यांना विरी हवी, तर त्यांचे आदल्या दिवशी दळले तरी चालेल. दोघांचेही बरोबर आहे. मला अजून उत्तर सुचलेले नाही.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दशलक्षण सुरू होत आहे. बार्शीहून जास्तीच्या मागण्या येऊ लागल्या आहेत, गव्हाच्याही. उपवास सोडतानाच्या दिवसाचे पीठ त्याच दिवशी दळलेले हवे, असे सहा जणींनी कळवले आहे. म्हणून शुक्रवारी दुपारी ज्वारी निवडायला मी आणि जाऊबाई दोघी बसणार आहोत, त्या खुर्चीवर, मी खाली. तुमच्याकडे, लातूरला किंवा धाराशिवला, पिठाची काय तऱ्हा आहे ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.